बर्लिनचा हिशेब

युरोपच्या सहलीची आखणी होते तेव्हा मराठी घरांत पॅरिस, स्वित्झर्लंड, रोम ही नावं आधी येतात. बर्लिन आलंच तर यादीच्या तळाशी येतं. त्याला कारणही आहे. या शहराजवळ बर्फाचे डोंगर नाहीत, समुद्र नाही, आणि जुने वाडे-चर्च होते त्यांतले बरेचसे दुसऱ्या महायुद्धात कोसळले. मग तिथं जाऊन पाहायचं काय? माझं उत्तर ठाम आहे: बर्लिनला आकडे पाहायला जावं. इथले मोठे आकडे पुस्तकात बसून राहिलेले नाहीत, ते जमिनीवर उभे आहेत. काहींच्या कडेनं चालता येतं, काहींवर चढता येतं, काहींना हात लावता येतो, आणि त्यांतले बहुतेक पाहायला पैसे पडत नाहीत. २०१९ साली सुमारे १ कोटी ४० लाख पाहुणे या शहरात मुक्कामाला आले आणि मिळून ३ कोटी ४० लाख रात्री राहिले. त्या गर्दीत मराठी माणसंही असावीत, आणि त्यांनी हे आकडे नीट वाचून परतावं, म्हणून हा लेख.

एका दिवसात तेरापट

१ ऑक्टोबर १९२० रोजी बर्लिनचं क्षेत्रफळ ६६ चौरस किलोमीटरांवरून ८७८ चौरस किलोमीटरांवर गेलं. कायदा करून आजूबाजूची ७ शहरं, ५९ गावं आणि २७ जहागिरी जुन्या बर्लिनला जोडण्यात आल्या. लोकसंख्या १९ लाखांवरून एकदम दुप्पट, ३८ लाखांच्या पुढे गेली. आज शंभर वर्षं उलटून गेल्यावरही ती साधारण तेवढीच आहे. मधल्या काळात १९४२ च्या सुमारास ती ४४ लाखांच्या वर चढली होती आणि १९४५ मध्ये २८ लाखांवर आली. वाढून घटलेलं आणि पुन्हा त्याच जागी आलेलं असं महानगर जगात विरळा.

आजचं बर्लिन ८९१ चौरस किलोमीटरांचं आहे. आपल्या मुंबईचे दोन्ही जिल्हे मिळून ६०३ चौरस किलोमीटर भरतात आणि २०११ च्या जनगणनेत तिथं १ कोटी २४ लाख माणसं होती. म्हणजे जागा दीडपट आणि माणसं एक-तृतीयांशाहून कमी. म्हणूनच मुंबईहून गेलेल्या माणसाला बर्लिनचे रस्ते पहिल्या दिवशी रिकामे वाटतात. रस्त्यांच्या कडेला चार लाखांहून अधिक झाडं आहेत आणि पालिकेच्या दप्तरात प्रत्येकाची नोंद आहे.

हा पसारा एका नजरेत पाहायचा तर अलेक्झांडरप्लाट्झच्या दूरदर्शन मनोऱ्यावर जावं. पूर्व जर्मनीच्या सरकारनं तो चार वर्षांत उभारून ३ ऑक्टोबर १९६९ रोजी खुला केला. उंची ३६८ मीटर. मध्यावर जो चकाकणारा गोल दिसतो त्याचा व्यास ३२ मीटर आणि वजन ४,८०० टन आहे. लिफ्ट चाळीसेक सेकंदांत २०३ मीटरांवरच्या सज्जात सोडते. तिथून शहर क्षितिजापर्यंत सपाट पसरलेलं दिसतं. पश्चिमेच्या जंगलातून मात्र एक उंचवटा वर आलेला दिसतो. तो लक्षात ठेवा. त्याच्याकडे पुढे यायचं आहे.

शहर एवढं पसरलेलं असूनही पाहुण्याला गाडी लागत नाही. १९०२ साली सुरू झालेल्या भुयारी रेल्वेचे, म्हणजे ऊ-बानचे, आज ९ मार्ग, १७५ स्थानकं आणि सुमारे १५५ किलोमीटर लांबी आहे. एस-बान या उपनगरी रेल्वेची आणखी १६८ स्थानकं आणि सुमारे ३४० किलोमीटर. यांतल्या एकाही स्थानकावर तिकीट तपासणारं फाटक नाही. कागदी तिकीट घेतलं की फलाटावरच्या यंत्रात त्यावर शिक्का उमटवायचा, हे विसरू नये. साध्या वेशातले तपासनीस अचानक डब्यात येतात आणि दंड ६० युरो आहे. तिकिटांसाठी शहर आणि परिसराचे अ, ब, क (A, B, C) असे तीन पट्टे आहेत आणि विमानतळ ‘क’ मध्ये पडतो, त्यामुळे पहिलं तिकीट तिन्ही पट्ट्यांचं काढावं.

१४९ कवट्या

शहराच्या नैर्ऋत्येला डालेम नावाची शांत वस्ती आहे. प्रवासी कंपन्या इथं कुणाला आणत नाहीत. मराठी माणसानं मात्र इथं यावं, कारण ‘युगान्त’ लिहिणाऱ्या इरावती कर्वे इथं शिकल्या.

१९२७ मध्ये डालेममध्ये मानववंशशास्त्राची एक संस्था निघाली. ऑयगेन फिशर तिचे प्रमुख. युरोपीय माणसाची कवटी डावी-उजवीकडे असमान असते आणि ती असमानता त्याच्या श्रेष्ठ बुद्धीची खूण आहे, अशी त्यांची धारणा होती. ती तपासण्याचं काम त्यांनी आपल्या तरुण भारतीय विद्यार्थिनीकडे दिलं. इरावतीबाईंनी १४९ कवट्या मोजल्या. त्यांच्या मोजमापातून असा कुठलाही संबंध निघाला नाही, आणि त्यांनी प्रबंधात तसंच लिहिलं. १९३० मध्ये त्यांना डॉक्टरेट मिळाली.

या घटनेचं मोल पुढच्या पंधरा वर्षांत कळतं. याच संस्थेनं नाझी राजवटीच्या वंशशास्त्राला विद्वत्तेचा आधार पुरवला, आणि आउशवित्झच्या छळछावणीतून डॉक्टर योझेफ मेंगेलेनं पाठवलेले मानवी अवशेष याच इमारतीत आले. आज ती वास्तू विद्यापीठाकडे आहे आणि भिंतीवरचा फलक हा इतिहास सांगतो. वरिष्ठांना हवा तसा आकडा देण्याची सोय असताना विशीतल्या एका मराठी बाईनं खरा आकडा लिहिला, ही गोष्ट मला बर्लिनमधल्या कुठल्याही राजवाड्यापेक्षा मोठी वाटते.

जमिनीनं नाकारलेली राजधानी

१९३६ च्या ऑलिंपिकसाठी बांधलेलं स्टेडियम अजून वापरात आहे. आज तिथं ७४ हजारांहून अधिक प्रेक्षक बसतात. जेसी ओवेन्सनं इथं चार सुवर्णपदकं जिंकली, आणि २००९ मध्ये उसेन बोल्टनं १०० मीटर अंतर ९.५८ सेकंदांत कापलं ते याच मैदानावर. त्याच परिसरातल्या हॉकीच्या मैदानावर १५ ऑगस्ट १९३६ रोजी ध्यानचंद यांच्या संघानं अंतिम सामन्यात जर्मनीला ८-१ असं हरवलं. भारतीय पाहुण्यानं एवढा एक आकडा मनात धरून त्या परिसरात फिरावं.

हिटलरला यापेक्षा फार मोठं काही हवं होतं. त्यानं आणि त्याचा वास्तुविशारद आल्बर्ट श्पेअर यानं बर्लिनच्या जागी एक नवी राजधानी आखली. तिच्यात एक घुमट सभागृह येणार होतं: उंची जवळपास ३०० मीटर, आत १ लाख ८० हजार माणसं उभी राहतील एवढं. शिवाय ११७ मीटर उंचीची विजयकमान. पण बर्लिनची जमीन वाळूची आणि दलदलीची. पाणी थोड्याच खोलीवर लागतं. आजही इमारतीचा पाया खणताना उपसलेलं पाणी कालव्यात सोडण्यासाठी रस्त्यांवरून गुलाबी-निळे पाइप नेलेले दिसतात.

ही जमीन कमान पेलेल का, हे पाहण्यासाठी १९४१ मध्ये टेम्पलहोफजवळ काँक्रीटचा एक भरीव दंडगोल ओतण्यात आला. वजन १२,६५० टन. जमिनीच्या वर १४ मीटर, खाली १८ मीटर. या कामाला फ्रेंच कैद्यांना जुंपलं होतं. तीन वर्षांत तो सुमारे १९ सेंटिमीटर खचला. कमान कधी झालीच नाही. दंडगोल मात्र उभा आहे, कारण आजूबाजूच्या घरांना धक्का न लावता तो फोडणं शक्य नव्हतं. शेजारच्या पाहणी-मनोऱ्यावर चढून तो वरून पाहता येतो. त्या संपूर्ण स्वप्ननगरीतून उरलेल्या मोजक्या गोष्टींपैकी ही एक.

पंधरा माणसं, नव्वद मिनिटं

वानझे तळ्याच्या काठी एक देखणा बंगला आहे. २० जानेवारी १९४२ रोजी तिथं नाझी राजवटीचे १५ वरिष्ठ अधिकारी जमले. बैठक साधारण नव्वद मिनिटं चालली. विषय होता युरोपातल्या ज्यूंच्या संहाराचं प्रशासकीय नियोजन. इतिवृत्ताच्या ३० प्रती निघाल्या आणि त्यांतली एकच युद्धानंतर सापडली. तिच्यात देशवार तक्ता आहे. इंग्लंड ३,३०,०००. आयर्लंड ४,०००. अल्बानिया २००. एस्टोनियासमोर आकडा नाही, तिथं ज्यू उरलेले नाहीत एवढाच शेरा आहे. बेरीज १ कोटी १० लाखांच्या वर. ज्या देशांत जर्मन सैन्य पोचलंही नव्हतं, तिथल्या माणसांचीही मोजदाद करून ठेवली होती. आज त्या बंगल्यात स्मारक आहे आणि तो तक्ता भिंतीवर वाचता येतो.

संहारात सुमारे ६० लाख ज्यू मारले गेले. हा आकडा मनात मावत नाही. बर्लिननं त्यासाठी वेगवेगळ्या मापांच्या वाटा काढल्या आहेत.

पहिली वाट ब्रान्डेनबुर्ग दरवाजापासून चालत पाच मिनिटांवर आहे. १९,००० चौरस मीटर जागेत वास्तुविशारद पीटर आयझनमन यांनी काँक्रीटचे २,७११ ठोकळे उभे केले. २००५ मध्ये हे स्मारक खुलं झालं. कडेचे ठोकळे जमिनीलगत आहेत, आतले ४.७ मीटरांपर्यंत चढतात, आणि जमीनही खाली उतरत जाते. दहा-वीस पावलांत रस्त्याचा आवाज विरतो आणि बरोबरचा माणूस दिसेनासा होतो. या स्मारकाच्या खाली, तळघरात, नावांचं दालन आहे. तिथं एकेका बळीचं नाव आणि त्याच्या आयुष्याची चार वाक्यं वाचून दाखवली जातात. सगळ्यांची अशी ओळख सलग ऐकायची तर सहा वर्षं, सात महिने आणि सत्तावीस दिवस लागतील. ६० लाख म्हणजे किती, याचं मला ठाऊक असलेलं हे सर्वांत खरं उत्तर आहे.

दुसरी वाट ग्रुनेवाल्ड स्थानकाच्या सतराव्या फलाटावर आहे. फलाटाच्या दोन्ही कडांना १८६ पोलादी पट्ट्या बसवल्या आहेत. प्रत्येकीवर गाडी सुटल्याची तारीख, तिच्यातल्या ज्यूंची संख्या आणि गाडी कुठं गेली ते गाव. १९३३ मध्ये बर्लिनमध्ये १ लाख ६० हजार ज्यू राहत होते. त्यांतल्या ५० हजारांहून अधिक जणांना इथून आणि शहरातल्या इतर स्थानकांवरून मृत्यूकडे पाठवलं गेलं.

तिसरी वाट पायाखाली आहे. शिल्पकार गुंटर डेमनिग यांनी माणसाच्या शेवटच्या राहत्या घरासमोर, फुटपाथमध्ये, दहा बाय दहा सेंटिमीटरचा पितळी माथ्याचा दगड बसवायला सुरुवात केली. त्यावर नाव, जन्मवर्ष, कधी नेलं, कुठं मारलं. युरोपभरात असे एक लाखाहून अधिक दगड झाले आहेत आणि बर्लिनमध्ये दहा हजारांहून अधिक. ते वाचायला वाकावं लागतं. एका दारासमोर चार-पाच दगड शेजारी दिसले की आई, बाप, मुलं कोण ते जन्मवर्षांवरून कळतं. इथं ६० लाखांचा आकडा एका घराएवढा होतो.

ढिगाऱ्याचा डोंगर, सातशे झाडं

युद्ध संपलं तेव्हा बर्लिनमध्ये सुमारे ७ कोटी ५० लाख घनमीटर ढिगारा पडला होता. शहरात तेव्हा २८ लाख माणसं होती. म्हणजे तान्ह्या बाळापासून म्हाताऱ्यापर्यंत दर माणशी सुमारे २७ घनमीटर विटा, दगड आणि चुना. पुरुष मेलेले किंवा कैदेत. तेव्हा हजारो बायकांनी हाताच्या साखळीनं बादल्या पुढे सरकवत, विटांवरचा चुना खरवडत रस्ते मोकळे केले.

उरलेला ढिगारा टाकायचा कुठं? पश्चिमेच्या जंगलात श्पेअरच्या आराखड्यातलं एक लष्करी तंत्रविद्यालय अर्धवट उभं होतं. ते पाडायला कठीण, म्हणून त्याच्यावरच ढिगारा ओतायचं ठरलं. एका टप्प्यावर दिवसाला ८०० ट्रक येत होते. वीसेक वर्षांत २ कोटी ६० लाख घनमीटर ढिगारा साठून टॉयफेल्सबेर्ग हा डोंगर झाला, समुद्रसपाटीपासून १२० मीटर उंच. मनोऱ्यावरून दिसतो तो उंचवटा हाच. शीतयुद्धात अमेरिकनांनी माथ्यावर रशियन संदेश ऐकण्याचं केंद्र बांधलं. त्याचे पांढरे घुमट फाटक्या अवस्थेत अजून आहेत. उतारावर झाडी वाढली आहे आणि पोरं हिवाळ्यात घसरगाड्या खेळतात. पायवाटेवर मधूनच एखादी विटेची कड किंवा फरशीचा तुकडा वर आलेला दिसतो. तो कुणाच्या तरी घराचा आहे.

शहराच्या मधोमध असलेलं टीअरगार्टन हे २१० हेक्टरांचं उद्यान आज दाट जंगलासारखं दिसतं. इथल्या झाडांचं वय मात्र एकदा तपासावं. युद्धाआधी इथं सुमारे दोन लाख झाडं होती. बॉम्बवर्षावातून वाचलेली झाडं लोकांनी युद्धानंतरच्या हिवाळ्यांत शेगडीसाठी तोडली. उरली फक्त सुमारे ७००. मोकळ्या जमिनीचे अडीच हजारांहून अधिक वाफे पाडून लोकांनी बटाटे आणि भाजी पिकवली. शेजारच्या प्राणिसंग्रहालयातल्या ३,७१५ प्राण्यांपैकी ९१ जगले होते. १७ मार्च १९४९ रोजी महापौर एर्न्स्ट रॉयटर यांनी लिंडनचं पहिलं रोप लावलं आणि पुढच्या दहा वर्षांत अडीच लाख रोपं लागली. पश्चिम जर्मनीतल्या शहरांनी ती भेट म्हणून दिली, आणि सुरुवातीची तर विमानानं आली, कारण तेव्हा बर्लिनकडे येणारा दुसरा रस्ताच उरला नव्हता.

दर अडीच मिनिटांना एक विमान

युद्धानंतर शहर विजेत्यांनी वाटून घेतलं होतं: पूर्व भाग सोव्हिएत सैन्याकडे, पश्चिम भाग अमेरिका, ब्रिटन आणि फ्रान्सकडे. २४ जून १९४८ रोजी सोव्हिएत सैन्यानं पश्चिम बर्लिनचे रस्ते, रेल्वे आणि कालवे बंद केले. आत वीस लाखांहून अधिक माणसं अडकली. अमेरिका आणि ब्रिटननं ठरवलं, की सगळं आकाशातून न्यायचं. दोन दिवसांत पहिली विमानं उतरली आणि ३० सप्टेंबर १९४९ पर्यंत हे चाललं. एकूण २ लाख ७८ हजार फेऱ्या. एकूण माल सुमारे २१ लाख टन, त्यातला दोन-तृतीयांश निव्वळ कोळसा. ४६२ दिवसांची सरासरी काढली तर दिवसाला ६०० विमानं येतात, म्हणजे रात्रंदिवस दर अडीच मिनिटांना एक. दर माणशी रोज सुमारे दोन किलो माल, आणि त्यातच अन्न, औषध, जळण, कारखान्यांचे सुटे भाग, सगळं आलं.

१५-१६ एप्रिल १९४९ च्या चोवीस तासांत तर १,३९८ फेऱ्या झाल्या आणि जवळपास १३ हजार टन कोळसा उतरला. एका दिवसात मिनिटं १,४४० असतात. धावपट्ट्या कमी पडल्या म्हणून टेगेलला नवी धावपट्टी बांधली. २,४०० मीटरांची ती पट्टी बर्लिनकरांनी ढिगाऱ्याची खडी वापरून तीन महिन्यांत पुरी केली, आणि मजुरांत जवळपास निम्म्या बायका होत्या. या मोहिमेत १०१ जणांचे प्राण गेले. त्यांतले बरेचसे वैमानिक तीन-चार वर्षांपूर्वी याच शहरावर बॉम्ब टाकणाऱ्या हवाई दलांतले होते.

यांतली बरीच विमानं जिथं उतरली तो टेम्पलहोफ विमानतळ २००८ मध्ये बंद झाला. त्याची इमारत १.२ किलोमीटर लांब आहे आणि तिच्यात ३ लाख चौरस मीटर जागा आहे. समोरचं तीनशे हेक्टरांचं मैदान २०१० मध्ये लोकांसाठी उघडलं. शहराच्या मध्यात एवढी जमीन मोकळी दिसल्यावर तिच्या कडेनं घरं बांधायचा बेत पुढे आला. २५ मे २०१४ रोजी सार्वमत झालं आणि ६४ टक्क्यांहून अधिक मतं मैदान आहे तसंच ठेवण्याच्या बाजूनं पडली. संध्याकाळी दोन किलोमीटरांच्या त्या धावपट्टीवर हजारो लोक सायकली चालवतात, पतंग उडवतात. परदेशी पाहुण्यालाही तिथं कुणी अडवत नाही.

१५५ किलोमीटर, १०,३१५ दिवस

बर्लिनची भिंत म्हटली की अनेकांना वाटतं, शहराच्या मधून गेलेली एक सरळ रेघ. प्रत्यक्षात ती पश्चिम बर्लिनभोवतीचं कडं होती. लांबी १५५ किलोमीटर, त्यांतले ४३ किलोमीटर दोन बर्लिनांच्या मधून. माणसांचं पश्चिमेकडे निघून जाणं थांबवण्यासाठी पूर्व जर्मनीनं १३ ऑगस्ट १९६१ च्या मध्यरात्रीनंतर काटेरी तारा ओढल्या. पुढे काँक्रीट आलं. शेवटच्या पिढीतल्या भिंतीचे सुमारे ४५ हजार तुकडे होते, प्रत्येक ३.६ मीटर उंच, १.२ मीटर रुंद आणि पावणेतीन टन वजनाचा. मागे उजेडात ठेवलेला वाळूचा पट्टा, दुसरी भिंत आणि ३०२ टेहळणी मनोरे. किमान १४० माणसं या भिंतीपायी मेली. पाच हजारांहून अधिक जण निसटले. त्यांतले ५७ जण १९६४ च्या ऑक्टोबरात बेर्नाउअर रस्त्याखालच्या एकाच बोगद्यातून रांगत बाहेर आले.

९ नोव्हेंबर १९८९ रोजी भिंत उघडली तेव्हा तिला १०,३१५ दिवस झाले होते. ५ फेब्रुवारी २०१८ हा दिवस बर्लिनकरांनी मुद्दाम मोजला, कारण त्या दिवशी भिंत नसण्याचा काळ भिंत असण्याच्या काळाइतका झाला.

पाहुणे सहसा ईस्ट साइड गॅलरीकडे जातात. १,३१६ मीटरांच्या त्या भिंतीवर शंभराहून अधिक चित्रं आहेत, आणि ती पाहावीतच. पण भिंत समजून घ्यायची तर बेर्नाउअर रस्त्याला जावं. तिथलं १.४ किलोमीटरांचं स्मारक उघड्यावर आहे, मोफत आहे, आणि समोरच्या मनोऱ्यावरून दोन भिंतींमधला पट्टा जसा होता तसा दिसतो. शेजारच्या नॉर्डबानहोफ स्थानकात बंद स्थानकांचं प्रदर्शन आहे. पश्चिम बर्लिनच्या काही भुयारी गाड्या पूर्वेच्या खालून जात आणि अशी सुमारे पंधरा स्थानकं न थांबता ओलांडत. अंधाऱ्या फलाटांवर बंदूकधारी पहारेकरी उभे असत.

१११ किलोमीटर कागद

पूर्व जर्मनीची लोकसंख्या होती सुमारे १ कोटी ६० लाख. तिच्या गुप्त पोलिसांकडे, म्हणजे श्टाझीकडे, १९८९ मध्ये ९१ हजार पगारी नोकर आणि १ लाख ८९ हजार खबरे होते. दर साठ माणसांमागे साधारण एक. शेजारी शेजाऱ्याबद्दल लिहीत होता, नवरा बायकोबद्दल. या लिखाणाच्या जमलेल्या कागदपत्रांची लांबी, फायली उभ्या रांगेत मांडल्या तर, १११ किलोमीटर भरते.

राजवट डळमळू लागली तेव्हा अधिकाऱ्यांनी कागद फाडायला घेतले. यंत्रं बिघडली तशी हातानं फाडाफाडी चालू राहिली. १५ जानेवारी १९९० रोजी लोक लिख्टेनबेर्गमधल्या मुख्यालयात घुसले आणि कागद वाचवले. सुमारे १६ हजार पोती फाटके तुकडे हाती लागले. त्यानंतर माणसं वर्षानुवर्षं टेबलाशी बसून तुकड्याला तुकडा जुळवत आली; पाचशेहून अधिक पोत्यांतली सतरा लाखांच्या घरातली पानं अशी हातानं जोडली गेली. आपली फाइल पाहण्यासाठी तीस लाखांहून अधिक अर्ज आले. ते मुख्यालय आज संग्रहालय आहे आणि श्टाझीप्रमुख एरिख मील्केचं टेबल, टेलिफोन, खुर्ची जागच्या जागी आहेत. ज्या सरकारनं लोकांचा हिशेब लोकांपासून लपवून ठेवला, त्याचाच हिशेब आज तिकीट काढून कुणीही पाहू शकतो.

काचेखाली चालणारं राज्य

राइशटाग, म्हणजे जर्मन संसदेची इमारत, या सगळ्याची साक्षीदार आहे. १९३३ मध्ये ती पेटली, १९४५ मध्ये फुटली, नंतर तिच्या मागच्या अंगालाच भिंत आली. १९९५ च्या उन्हाळ्यात क्रिस्टो आणि जान-क्लोद या कलावंत दांपत्यानं एक लाख चौरस मीटर रुपेरी कापडात ती पुरी गुंडाळली. दोन आठवड्यांत ५० लाख लोक ते पाहायला आले. मग नॉर्मन फॉस्टर यांनी तिच्यावर काचेचा घुमट बांधला: व्यास ४० मीटर, उंची २३.५ मीटर, मध्ये ३६० आरसे, जे खालच्या सभागृहात उजेड पाठवतात. घुमटाच्या आतून वळत जाणाऱ्या उतारावरून नागरिक वर चढतात आणि त्यांचे प्रतिनिधी त्यांच्या पायांखाली बसलेले असतात. प्रवेश मोफत आहे, मात्र आधी नाव नोंदवावं लागतं.

इथून ब्रान्डेनबुर्ग दरवाजातून पूर्वेला निघालं की दीड किलोमीटरवर संग्रहालयांचं बेट लागतं. पाच संग्रहालयं, १९९९ पासून जागतिक वारसा. नेफर्टिटीचा तेहेतीसशे वर्षांपूर्वीचा अर्धपुतळा इथल्या नव्या संग्रहालयात आहे. पेर्गामोन संग्रहालय ऑक्टोबर २०२३ मध्ये दुरुस्तीसाठी पूर्ण बंद झालं. नियोजनाप्रमाणे त्याचा एक भाग २०२७ मध्ये उघडायचा आहे आणि बाबिलोनचा इश्तार दरवाजा असलेला भाग २०३७ पर्यंत बंद राहायचा आहे, तेव्हा निघण्याआधी चौकशी करावी. बेटाला लागूनच हुम्बोल्ट फोरमच्या दारात सांचीच्या पूर्व तोरणाची वालुकाश्मातली दहा मीटर उंच प्रतिकृती उभी आहे. डिसेंबर २०२२ मध्ये तिचं अनावरण झालं.

जाणाऱ्यांसाठी

आकडा हे शस्त्र होऊ शकतं, हे बर्लिननं जगाला दाखवलं. कवट्या मोजून माणसांची प्रतवारी झाली, तक्ते भरून संहार झाला, फायली रचून एका राष्ट्राला मुकं केलं गेलं. मग त्याच शहरानं आकडे उलटे फिरवले. किती मारले, कुठून नेले, किती ढिगारा पडला, कोण कुणावर नजर ठेवत होतं, हे सगळं मोजून त्यानं चौकात, फलाटावर, फुटपाथवर मांडलं, आणि ते आपल्याच मुलांना शाळेच्या सहलीत दाखवतं. जगात वैभवाचे आकडे सांगणारी शहरं पुष्कळ आहेत. स्वतःच्या अपराधाचा एवढा काटेकोर आणि एवढा उघडा हिशेब ठेवणारं दुसरं महानगर मला ठाऊक नाही. म्हणून माझ्या लेखी हे युरोपातलं सर्वांत पाहण्याजोगं शहर आहे.

तेव्हा बर्लिनला प्राग आणि अ‍ॅमस्टरडॅमच्या मधला एक दिवस देऊ नका. किमान चार दिवस द्या. राइशटागची नोंदणी तिकिटं काढतानाच करून टाका. आरामदायक बूट घ्या, कारण इथलं सगळं चालून कळतं. बरोबर शाळकरी मुलं असतील तर त्यांना बेर्नाउअर रस्ता आणि टेम्पलहोफचं मैदान आधी दाखवा. ठोकळ्यांच्या स्मारकावर चढून फोटो काढू नका. आणि फुटपाथवर पितळी दगड दिसला, तर थांबून त्यावरचं नाव एकदा पूर्ण वाचा.